काकांच्या गाडीचा डावा दिवा

वायरिंगचं काढलंत म्हणून आठवलं. आमचे काका सायन्सचे मास्तर, आता रिटायर झालेत. त्यांच्या जुन्या गाडीच्या डाव्या हेडलाइटचा फ्यूज सारखा उडायचा. नवा टाकला की दोन-चार दिवस बरे जायचे, मग पुन्हा डावा दिवा बंद. लांज्याला मुलीकडे गेले तरी काका चहा अर्धा टाकून उठायचे, काळोखाच्या आत घरी पोचायला. शेवटी म्हणाले, "विकतो आता ही."

विकायच्या आधी एकदा दाखवू म्हणून मी काका-काकूंना घेऊन रत्नागिरीत त्यांच्या नेहमीच्या इलेक्ट्रिशियनकडे गेलो. आम्हाला बघून त्याने हातच जोडले. "काका, स्विच बदलला, रिले बदलला, होल्डर बदलला. आता माझ्याकडे बदलायला काही नाही. नजर लागल्ये गाडीला. लिंबू-मिरची बांधा."

मागच्या सीटवरून काकू उसळल्या. "बांधते की दर शनिवारी! पडू नये म्हणून तारेचं टोक जाळीतून पार आत खुपसते, डाव्या दिव्याच्या मागे. पण इथे यायचं म्हटलं की हे काढून ठेवतात. मास्तरांना लाज वाटते ना!"

काकांनी निमूटपणे डिकी उघडून लिंबू-मिरची बाहेर काढली. तारेचं टोक जळून काळं पडलं होतं.

"म्हणजे इतके दिवस तूच..." काका म्हणाले.

"मग? फ्यूजच गेला ना? तुम्हाला काही झालं?" काकू शांतपणे म्हणाल्या. "लिंबाने आपलं काम केलंन."