समोरचा बसतो तसं

भवानीनगरच्या एसटी थांब्यावर सबिना बारामतीच्या गाडीची वाट बघत होती. तिच्याच बाकड्यावर एक आत्या आणि तिचा भाचा येऊन बसले. भाच्याचा पाय एकसारखा हलत होता, त्यानं बाकडंही हलत होतं.

"माऊली, सकाळी बघायला गेलतो त्या पोरीच्या घरून फोन आलाय. पोरगा आमची टर उडवून गेला म्हंत्यात."

"आत्या, मी शिकल्यालंच केलं. समोरचा बसतो तसं बसायचं, करतो तसं करायचं. मग त्याचा आपल्यावर भरवसा बसतो. एनएलपी म्हंत्यात त्याला. सात दिसांचा कोर्स झालाय, सर्टिफिकेट हाय."

"पोरीच्या बापाचा हात कापतो, दिसलं न्हाय तुला?"

"दिसलं की. म्हणून तर मी बी माझा तसाच कापवला."

"चहाच्या भरल्या बशीसकट?"

"ही पहिलीच लेव्हल हाय आत्या. पुढं मास्टर, मग ट्रेनर. बिघडल्यालं कसं सावरायचं ते मास्टरला शिकवत्यात. पुण्यात उद्याच बॅच हाय."

"पोरगी पसंत हाय का न्हाय?"

"लई."

"मग पुणं कशाला? चल माघारी. बापाच्या पाया पड, चुकलं म्हण."

"आन् तितं बसू कसा? हात कुठं ठिवू?... आली का गं पुण्याची गाडी?"

"उसाची ट्रॉली हाय ती. बस खाली. आन् आधी त्यो पाय थांबीव."

माऊलीनं दोन्ही हातांनी गुडघा दाबून धरला.

बाकडं तरी हलतच राहिलं. सबिनानं खाली पाहिलं. तिचाच पाय हलत होता.