मधला तुकडा

गुरुसिद्ध : ते सगळं ऱ्हाऊ दे, पावणं. मला एवढंच सांगा, ह्यातल्या कुठल्या कॅमेऱ्यात सायकल हळू पळतीया असं दिसंल?

प्रसेनजीत : हळू? काका, माझ्या दुकानात येणारं गिऱ्हाईक उलटं मागतंय. गाडी पळाली पायजे, धुरळा उडाला पायजे, बघणाऱ्यानं खुर्ची धरून बसलं पायजे. हळू मागणारं तुमीच पहिलं.

भूमिका : अप्पा, असलं काही विचारायचं नाही असं ठरलं होतं आपलं.

गुरुसिद्ध : तुझं ठरलं हुतं. मी नुसती मान हलवली.

प्रसेनजीत : सायकल चालवतंय कोण? तुमचं पोरगं?

गुरुसिद्ध : ही. माझी धाकटी, भूमिका. हितं कोल्हापुरात कॉलेजला हाय. डोंगरावरनं सायकल खाली सोडायची, ह्याची बी शर्यत असती म्हणं. लोक वर चढायची शर्यत लावत्यात, ही उतरायची लावती.

भूमिका : माउंटन बाइक, दादा. दर रविवारी पन्हाळा नाहीतर जोतिबा. आता मे महिन्यात मनालीकडं मोठी शर्यत आहे, तिथं निवड झालीय माझी.

प्रसेनजीत : नाद खुळा! मग स्वतःचं शूटिंग घ्यायचंय, असंच की.

भूमिका : स्वतःसाठी नाही. अव्वासाठी.

प्रसेनजीत : कुणासाठी?

गुरुसिद्ध : हिच्या आईसाठी. आमच्यात अव्वा म्हंत्यात. आमी गडहिंग्लजचं, तितं मिरचीचं दुकान हाय माझं. हिचा थोरला भाऊ शशिधर, त्यो बी सायकलवाला. त्यानंच हिला शिकवलं. दोन वर्सांमागं आंबोलीच्या घाटात पडला. पायात सळी हाय. चालतोय, दुकानात बसतोय, पर गुडघा वाकत न्हाय.

भूमिका : तेव्हापासून अव्वा घाटाचं नाव काढू देत नाही. वाटेत घाट लागणार असेल तर लग्नालासुद्धा जात नाही ती. मनालीचं सांगितलं तर म्हणाली, व्हय बी म्हणत न्हाय आणि न्हाय बी म्हणत न्हाय. तू डोंगरात काय करतीस ते आधी मला दाखव.

गुरुसिद्ध : म्हणून म्हंतोय. दाखवायचं, पर बेतानं.

प्रसेनजीत : मग दोन हायत माझ्याकडं. हा बघा, पेनासारखा. हेल्मेटला बाजूनं लागतोय. ह्याची वायर पाठीवरच्या पिशवीत जात्या आणि पिशवीत हँडीकॅम ठेवायचा. चित्र तितं उठतंय.

भूमिका : म्हणजे पाठीवर पडलं की हँडीकॅमचा चुरा.

गुरुसिद्ध : पडलं-बिडलं बोलू नको.

प्रसेनजीत : दुसरा हा. नवीनच आलाय. मुठीत मावतोय, सगळं आतच, वायर न्हाई काय न्हाई. वरनं हा प्लास्टिकचा डबा. रंकाळ्यात बुडवून काढला तरी चालू. पर ह्याला मागं पडदा न्हाई. काय उठलंय ते घरी कॉम्प्युटरला लावल्यावरच कळायचं. आणि डब्यामुळं आवाज जरा दबतोय.

गुरुसिद्ध : चित्र?

प्रसेनजीत : लई रुंद. डावीकडची दरी आणि उजवीकडचा डोंगर एका टायमाला दिसतोय. आणि खरं सांगू काय, ह्यात उतार हाय त्यापेक्षा सपाट वाटतोय. पोरं येऊन भांडत्यात माझ्याशी. एवढा कडा उतरलो, आणि बघतोय तर पटांगण.

गुरुसिद्ध : पटांगण! बांधा, हाच बांधा.

भूमिका : थांबा, अप्पा. तसं असेल तर मला हा नको.

गुरुसिद्ध : का?

भूमिका : सपाट दाखवून तिच्याकडून हो म्हणवून घ्यायचं? ती फसली असं व्हायला नको मला.

गुरुसिद्ध : फसवणं येगळं, सांभाळणं येगळं. गिऱ्हाईकाला मी पोत्यातली वरची मिरची दाखवतो. आतली बी लालच असती की.

भूमिका : मग आतली दाखवायला काय होतंय?

गुरुसिद्ध : बघा, पावणं. कॉलेजला घातल्याचा परिणाम.

प्रसेनजीत : ऐका माझं. रविवारी दुकान बंद असतंय. दोन्ही कॅमेरं घेतो, जोतिबाला जाऊ. ही सायकलवर, आपण मागनं तुमच्या जीपमधी. बघून मग घ्या.

भूमिका : या की, अप्पा. तुम्ही कधी बघितलंच नाही मला उतरताना.

गुरुसिद्ध : येतो. त्यात काय हाय?

* * *

प्रसेनजीत : बसा काका, ह्या दगडावर बसा. भूमिका, टपरीवरनं पाणी आण आधी.

भूमिका : काय झालं? मी कधीची घाट उतरून खाली थांबलीय. इतका वेळ का लागला तुम्हाला?

गुरुसिद्ध : तू कुठं गेलतीस?

भूमिका : कुठं जाणार? रस्त्यानंच आले की, अप्पा. मधला मातीचा तुकडा सोडला तर.

गुरुसिद्ध : पहिल्या वळणाला अख्खी दिसलीस. दुसऱ्याला नुसतं हेल्मेट. त्याच्या फुडं रस्ता रिकामा. मी गाडी दाबायला बघतोय आणि पाय आपला ब्रेकवरच.

प्रसेनजीत : स्टेअरिंग मी धरू का म्हणून दोनदा विचारलं मी. ऐकतायत होय!

गुरुसिद्ध : आणि मग त्यो ट्रॅक्टर. ऊस उतरून माघारी निघालेला, दोन रिकाम्या ट्रॉल्या. वळणावर इंजिन बंद करून उभा. आणि ड्रायव्हर खाली उतरून, कठड्यावरनं वाकून, दरीत बघत हुता.

भूमिका : अप्पा...

गुरुसिद्ध : मला काय वाटलं असंल?

प्रसेनजीत : त्याचा टॉवेल वाऱ्यानं खाली गेलता. तेवढंच.

गुरुसिद्ध : ते नंतर कळलं. तवर तुझ्या अव्वाला काय सांगायचं, कसं सांगायचं, हे सगळं मनात जुळवून झालतं माझं. त्या माणसाला मी नाही नाही ते बोललो.

भूमिका : थांबा, पाणी आणते आधी.

गुरुसिद्ध : ऱ्हाऊ दे. प्रसेनजीत, ते ट्रॅक्टरचं वळण उठलंय काय कॅमेऱ्यात?

प्रसेनजीत : डब्यातल्यात उठलंच असणार. पेनवाल्याची वायर वरच मातीत निसटली, त्यात काय मिळायचं न्हाई.

गुरुसिद्ध : मग डब्यातलाच घेतो. पर त्यातनं तेवढा तुकडा काढून टाक.

प्रसेनजीत : एकदा दुकानात लावून बघू की आधी.

गुरुसिद्ध : मला बघायचं न्हाय. एकदा बघितलं ते बास झालं.

भूमिका : अप्पा, ऐका तरी. त्या वळणावर मी...

गुरुसिद्ध : भूमी, तुला मनालीला जायचंय, जा. हिमालय उतर. पर ते वळण आपल्या घरात आणू नको.

भूमिका : बरं.

प्रसेनजीत : काढू?

भूमिका : काढा, दादा. त्यांना इतकं घाबरलेलं कधी बघितलं नाही मी.

प्रसेनजीत : काढतो. पर मूळ कार्डावरचं मी पुसत नसतोय. ते तसंच तुझ्या हातात देतो. फुडं तुझं तू बघ.

* * *

(गडहिंग्लज. दुकानावरच्या खोलीत कॉम्प्युटर चालू आहे.)

दानम्मा : अवो, सरका की जरा. समोर तुमी बसलाय, मी काय तुमची पाठ बघू?

गुरुसिद्ध : तुला चक्कर-बिक्कर आली तर धरायला बसलोय.

दानम्मा : मला कशानं येत्या चक्कर? लाव गं, भूमी. हे काय? हे हात तुझं?

भूमिका : माझेच. कॅमेरा डोक्यावर आहे, अव्वा. मी जिकडं बघते तेच तुला दिसतंय.

दानम्मा : मग तू लईच इकडंतिकडं बघतीस की.

भूमिका : बघावंच लागतं. खडी कुठं सांडलीय, म्हशी कुठं आहेत.

गुरुसिद्ध : बघ, दाना, कसा सपाट रस्ता हाय. आपल्या बाजारपेठेगत.

दानम्मा : बाजारपेठेला दरी असती व्हय? गप बसा. आणि हितं मातीत का शिरलीस गं? चांगला डांबरी सोडून?

भूमिका : शर्यत मातीतच असते. डांबरीवर नाही.

दानम्मा : हातात मुंग्या येत असतील असल्या दणक्यानं.

भूमिका : येतात. रात्री पेन धरता येत नाही कधी कधी.

दानम्मा : हे कधी सांगितलं न्हाईस. आता परत डांबरीला लागलीस. हां. थांब. थांबीव ते. मागं घे.

भूमिका : कुठपर्यंत?

दानम्मा : ब्रेक करकरला तितपर्यंत.

गुरुसिद्ध : सायकल म्हटल्यावर ब्रेक करकरायचाच.

दानम्मा : व्हय, पर करकरल्याबरोबर फुडं मोकळा रस्ता, आणि ही सुसाट. मग मारला कशाला? आणि आत्ता हितं कठडा हुता, त्यो कुठं गेला?

गुरुसिद्ध : यंत्र हाय. असं हुतंय.

दानम्मा : ह्या घरात तुमी जवा जवा "असं हुतंय" म्हणालाय, तवा काय झालंय ते मला ठावं हाय. काय काढलंय ह्यातनं?

भूमिका : अप्पा, मी सांगू?

गुरुसिद्ध : मी काढाय लावलं. पोरीचा दोष न्हाय.

दानम्मा : पडली?

भूमिका : नाही.

दानम्मा : माझ्याकडं बघून सांग.

भूमिका : नाही पडले, अव्वा. तुझी शपथ.

दानम्मा : शशीच्या टायमाला तुमी फोनवर म्हणालता, जरासं खरचटलंय. मी भाकरी बांधून घेऊन गेले दवाखान्यात. आणि तितं कळलं, त्याला आत कापाय घेतलाय. ती भाकरी मी संध्याकाळपतूर हातात धरून बसलेली. तवापासनं कोण एवढंसं जरी झाकाय लागलं, की माझ्या डोळ्याम्होरं तेच येतंय. जे हाय त्याच्यापेक्षा लई वंगाळ येतंय.

गुरुसिद्ध : तू घाबरशील म्हणून...

दानम्मा : मी घाबरल्यालीच असते की. दर रविवारी. तुमी दाखवा न्हाईतर झाका.

गुरुसिद्ध : दाना, ते मी बी बघितलं न्हाय. मला बघवलं न्हाय.

दानम्मा : मग आता दोघं बघू. हाय का ते कुठं, भूमी, का टाकलंस?

भूमिका : कार्डावर आहे. थांब, लावते. हे बघ, इथून.

दानम्मा : गाणं लागलंय कुठंतरी. लांब.

भूमिका : ट्रॅक्टरवरचा स्पीकर. कॅमेऱ्याच्या डब्यामुळं बारीक येतंय. मला वळणाच्या अलीकडंच ऐकू आला होता.

दानम्मा : म्हणून ब्रेक.

भूमिका : म्हणून ब्रेक.

दानम्मा : उतरलीस.

भूमिका : उतरले, सायकल कठड्याला लावली. वळताना मागची ट्रॉली आत येते, अव्वा. शशिअण्णानं पहिल्यांदा हेच शिकवलं होतं. जागा सोडायची आणि गप उभं राहायचं.

गुरुसिद्ध : तू हितं उभी हुतीस?

भूमिका : तेच सांगत होते त्या दिवशी.

गुरुसिद्ध : अजून उभीच हाईस की गं.

दानम्मा : त्यो ड्रायव्हर काय म्हंतोय? तोंड हलतंय त्याचं.

भूमिका : विचारत होता, मागनं आणि कोण येतंय का. मी म्हटलं, आमचे अप्पा येतायत, जीप घेऊन. ह्या घाटाची सवय नाही त्यांना, जरा भीत भीत चालवतात. वळणावर गाठ पडली तर सांभाळून घ्या.

गुरुसिद्ध : असं म्हणालीस?

भूमिका : हो. तर तो म्हणाला, तुम्ही जावा ताई, मी हितंच कडेला घेतो, त्यांना जाऊ द्या आधी. बघ, हात करतोय. मग मी निघाले.

गुरुसिद्ध : म्हणजे त्यो माझ्यासाठी थांबलता.

भूमिका : हो, अप्पा.

गुरुसिद्ध : माझी वाट बघत उभा हुता त्यो तितं. आणि मी गाडीतनं उतरून त्याच्या आईबापाचा उद्धार केला. त्यो आपला हात जोडून, चुकलं म्हणाला. कशापाय चुकलं ते बी विचारलं न्हाय त्यानं.

दानम्मा : डोळं पुसा.

गुरुसिद्ध : मिरचीचा हात लागला.

दानम्मा : व्हय व्हय. भूमी, परत एकदा लाव. वरनं लाव, सगळं.

भूमिका : परत बघायचंय तुला?

दानम्मा : ह्या बारीला नीट बघते. मघाशी तू कुठं पडतीस तेच हुडकत हुते मी. बाकीचं काय दिसलंच न्हाय.

भूमिका : अव्वा, मनालीचं...

दानम्मा : मनाली लांब हाय. ह्या रविवारी कुठं जाणार हाईस?

भूमिका : जोतिबालाच.

दानम्मा : मी येते.

गुरुसिद्ध : तू? घाटात? मग मी काढतो की जीप.

दानम्मा : तुमी नको. जीप त्या कॅमेऱ्यावाल्या पोराला चालवू दे. तुमी हितं घरात बसा, फोनच्या शेजारी, आमी माघारी येईपतूर. एक रविवार बसून बघा.