ताहानीची भिशी आणि फियाटची जाळी

(कैरो. शुक्रवारची सकाळ. बयूमी उस्तादांच्या गॅरेजात फिकट हिरवी फियाट अकराशे उभी आहे, एकोणीसशे एकसष्टची. सगळी चकचकीत, फक्त तोंडावरची जाळी नाही. रऊफ बॉनेटखाली वाकलेला. त्याची बायको इग्लाल नुकतीच आत आली आहे.)

इग्लाल: गाडीचं नंतर. आधी मला सांग, सकाळपासून अख्खी इमारत मला जेवू का घालतेय?

रऊफ: आलीस? बरं झालं. इथं हात लाव. लाव तर खरं. गरम आहे ना? सुरू झालं, इग्लाल. बेचाळीस वर्षं मुकं बसलेलं इंजिन, आज सव्वानऊला सुरू झालं. उस्ताद, सांगा हिला.

बयूमी: पहिल्याच चावीला, मदाम. वल्लाह, मीच दचकून मागे सरलो.

इग्लाल: मुबारक. रऊफ, आठ वाजता चौथ्या मजल्यावरची उम्म फादी कबुतराचं सूप घेऊन आली. माझ्या गळ्यात पडून रडली. मी विचारलं, कोण गेलं? तर म्हणते, तू फक्त खा. मग नरगिस आली, मुलुखियाच्या पालेभाजीचं पातेलं घेऊन. वरच्या झाकणात दडवलेले दोनशे पौंड. तिच्याकडे स्वतःच्या औषधाला दोनशे नसतात.

रऊफ: चांगल्या बायका आहेत. उस्ताद, जरा चावी द्या, हिला आवाज ऐकवू.

इग्लाल: थांब. मग ताहानी आली. मी भिशी चालवते, या महिन्याचा नंबर तिचा. काल मी तिला तीस हजार मोजून दिले. आज तिनं ते जसेच्या तसे आणून माझ्या पर्समध्ये कोंबले. म्हणाली, तुझी गरज मोठी आहे, माझं पुढच्या महिन्यात बघू.

रऊफ: दिले? सगळे? आत्ता आहेत तुझ्याकडे?

इग्लाल: हं. म्हणजे हे तुझंच काम.

रऊफ: तसं नाही गं. म्हणजे, आहे. तू चिडू नकोस. सुटे भाग विकणाऱ्या हाज सुब्हीचा फोन आला काल. जुन्या सामानाच्या बाजारात त्याला जाळी मिळाली. अस्सल. क्रोमला एक ओरखडा नाही, कागदात गुंडाळलेली, अजून कुठल्या गाडीला लागलेलीच नाही. सहा वर्षं मी ती शोधतोय. अठ्ठावीस हजार. अलेक्झांड्रियाचा कुणी डॉक्टर मागे लागलाय, पण सुब्ही म्हणाला, आज दुपारी असरच्या नमाजापर्यंत तुझ्यासाठी धरून ठेवतो. आणि आजच इंजिन सुरू झालं. बघ ना, सगळं एकदमच.

इग्लाल: आणि तू ताहानीला काय सांगितलंस?

रऊफ: जिन्यात भेटली. मी म्हटलं, पुढच्या महिन्याचा नंबर इग्लालचा आहेच, तेवढी अदलाबदल करा. एका महिन्याचा तर फरक.

इग्लाल: शब्द सांग, रऊफ. जे बोललास ते शब्द.

रऊफ: म्हटलं, इग्लालला गरज आहे. ती स्वतः बोलायची नाही, तिला संकोच वाटतो. कशासाठी ते विचारू नका.

बयूमी: अरेरे. रऊफसाहेब, हे काय केलंत?

रऊफ: मग काय सांगायचं? बायकांच्या भिशीत बाप्या माणूस जाळी मागायला गेला म्हणून?

इग्लाल: अरे शहाण्या, भिशीत नंबर बदलून मागतात तो दोनच गोष्टींसाठी. घरात लग्न निघालं तर, नाहीतर आजारपण आलं तर. आपल्याकडे लग्नाचं कोण आहे? तू? मग त्यांनी काय समजायचं? बावीस वर्षं मी भिशी चालवतेय. पहिला नंबर माझा असतो, तो मी दर वेळी दुसरीला देते आणि उरेल तो घेते. एकदाही काही मागितलं नाही. आणि आज माझ्या वतीनं कुणीतरी मागतं, कशासाठी ते विचारू नका म्हणतं. त्या बायकांनी मला जवळजवळ पुरून टाकलंय.

रऊफ: माझ्या डोक्यातच आलं नाही.

इग्लाल: तुझ्या डोक्यात क्रोम भरलंय. ताहानीच्या लेकीचं लग्न ईदनंतर. फ्रिज मुलीकडच्यांनी द्यायचा. त्या फ्रिजचे पैसे तिनं सोडले, का, तर मी मरायला टेकलेय म्हणून. आता उद्या मी जिन्यातून धडधाकट उतरले की माझ्यावर विश्वास कोण ठेवेल? माझ्याकडे दुसरं आहे काय? नाव तेवढं आहे.

रऊफ: चुकलं माझं. खरंच चुकलं.

इग्लाल: दर महिन्याला पाच हजार घेतोस, रंगासाठी म्हणतोस. दोन वर्षं. मी विचारलं तरी का? विचारलं. एवढीशी गाडी, किती रंग पिते? पण दिले. मला एकच सांग. मी खरंच आजारी असते, तर ही गाडी विकली असतीस?

रऊफ: इग्लाल, आता हे कशाला?

इग्लाल: बघ. हो म्हणायला सुद्धा जड जातंय.

बयूमी: साहेब, मी बोलू?

रऊफ: नाही. उस्ताद, आपलं ठरलंय.

बयूमी: ठरलंय, पण माझ्या गॅरेजात, माझ्यादेखत तुम्ही एवढं ऐकून घ्यायचं हे नव्हतं ठरलं. मदाम, या खोक्यावर बसा. दोन वर्षांपूर्वी तुमच्या मणक्याचं ऑपरेशन झालं. पैसे कुणी भरले?

इग्लाल: ह्याच्या ऑफिसनं. एक लाख वीस हजार. का?

बयूमी: ऑफिसनं फुलं पाठवली, मदाम. पैसे मी दिले, आणि ते काही मोठ्या मनानं नाही. गाडी विकत घेतली. दवाखान्यातूनच हे इथं आले, अंगठा शाईत बुडवला, सही केली, पैसे घेतले आणि परत पळाले. दोन वर्षं ही गाडी माझ्या नावावर होती.

इग्लाल: पण हा तर दर शुक्रवारी इथं येत होता.

बयूमी: येत होते ना. परक्याची गाडी घासत बसायचे. सुटे भाग मी आणायचो, मेहनत यांची. मी सांगितलं, साहेब, उद्या मला गिऱ्हाईक मिळालं तर? म्हणाले, मिळेपर्यंत तरी घासतो. गिऱ्हाईक दोनदा आलं. मी नाही विकली. ते तुमचे पाच हजार रंगाचे नव्हते. त्यातून हे थोडीथोडी करून आपलीच गाडी परत विकत घेत होते. शेवटचा हप्ता परवा दिला. परवापासून ही पुन्हा यांची.

रऊफ: म्हणून मी जरा वेड्यासारखा वागलो. परवा कागद हातात, काल जाळी, आज इंजिन. मला सुचेना काही.

इग्लाल: मला का नाही सांगितलंस?

रऊफ: तू अंथरुणावर होतीस. सांगितलं असतं तर ऑपरेशन नको म्हणाली असतीस. तुला मी ओळखत नाही?

इग्लाल: आणि नंतर? दर महिन्याला मी तुला काय काय बोलले. घरबुडव्या म्हटलं. तुझ्या बहिणीसमोर बोलले.

रऊफ: बोलत होतीस, उभी राहून बोलत होतीस. मला त्याचंच बरं वाटायचं.

इग्लाल: रडवू नकोस मला. आधीच सकाळपासून सगळ्या रडतायत.

बयूमी: चहा टाकतो, मदाम.

इग्लाल: नको. असरला किती वेळ आहे?

बयूमी: अजून शुक्रवारचा मोठा नमाज व्हायचाय. चार तास तरी आहेत.

रऊफ: राहू दे, इग्लाल. डॉक्टर घेऊन जाऊ दे जाळी. पैसे ताहानीला नेऊन देऊ, मी येतो बरोबर, मी सांगतो तिला.

इग्लाल: तू काही सांगू नकोस. तुझं सांगून झालंय. माझा फोन दे. ...हॅलो, ताहानी? मी इग्लाल. अगं, रडू नकोस, ऐक. मी ठणठणीत आहे. नाही, लपवत नाही. मला काहीही झालेलं नाही, रऊफनं तुला अर्धवट सांगितलं. दे, शिव्या दे, इथंच उभा आहे तो, ऐकवते त्याला. झालं? आता माझं ऐक. पैसे तुझेच आहेत, फ्रिजचे. तू म्हणशील तर अर्ध्या तासात घरी आणून देते, मनात काही धरणार नाही. पण पुढच्या महिन्याचा माझा नंबर तू घेतलास आणि हा मला दिलास, तर मला हवाय. आमच्या स्वयंपाकघराच्या फरशीला मी ठेवला होता तो, फरशी राहू दे तशीच. नाही गं, दुखणं नाही, सांगितलं ना. गाडीला पुढची जाळी बसवायचीय, क्रोमची. हस, पोटभर हस. नाही, तो नाही. मी मागतेय.