सासूबाईंनी निवडलेला मासा

समुद्रापासून लांब महाडसारख्या ठिकाणी आमच्या घरात समुद्रातला मासा इतकी वर्षं जगला, त्याचं श्रेय लोक आमच्या ह्यांना देतात, कारण काचेची टाकी त्यांनी आणली. खरं श्रेय सासूबाईंचं. माहेर खाडीकाठच्या दासगावचं, जन्म बाजारात मासे निवडण्यात गेलेला.

पहिला मासा अंगावर पांढरे ठिपके येऊन मेला. पाण्यातला रोग मरावा म्हणून ह्यांनी टाकी दोन महिने माशाविना ठेवली. दुसरा आणायला मुंबईला निघालो, तर सासूबाई आधीच चपला घालून दारात.

दुकानदाराने एक नारिंगी मासा दाखवला.

"ह्यो नको," सासूबाई म्हणाल्या. "कल्ले बघ, कशी धाप लागलीय त्याला."

दुसरा दाखवला.

"ह्याचा डोळा धुरकट हाय."

तिसरा नीट पोहत होता. तर म्हणाल्या, "ह्याला आधी खायला घाल. खातो का बघू."

ह्यांनी मान खाली घातली. मी मात्र बघत राहिले. दुकानदार हसायला लागला. "आजी, मासा पाळायचा आहे, खायचा नाही."

"म्हणून तर बघतेय," सासूबाई म्हणाल्या. "खायचा असता तर एका जेवणाचा प्रश्न होता."