चिऱ्याचा एक थर

(पोलादपुरातील एक स्वयंपाकघर. संस्कृताचे निवृत्त शिक्षक मुरारी गेले पंधरा दिवस स्वतःच्या हातांनी तेथे स्वयंपाकाचा उभा ओटा बांधीत आहेत. जवळ त्यांची पत्नी आवडी, आणि मुंबईहून कालच आलेली सून सेजल.)

मुरारी : पाठ ताठ ठेव, सूनबाई. हात कोपरातून दुमड. असा. आता हलू नकोस.

सेजल : पण बाबा, माझं माप कशाला? मी तर चारच्या एसटीने निघतेय.

मुरारी : तू निघशील. माप इथेच राहील. कोपर बेचाळीस इंचांवर, त्यातून चार वजा केले, ओटा अडतीस. आवडी, तो फोडलेला चिरा इकडे सरकव.

आवडी : आणखी चिरा? दोनी बाजूच्या भिंती झाल्या की. माझ्या कोपराची कोळशाची खूण केलीय ना, तिच्या बरोबर खाली आल्यात बगा.

मुरारी : ती खूण मी पुसली.

आवडी : पुसलीत? कवा?

मुरारी : आज सकाळी, ओल्या फडक्याने. अजून एक थर चढवायचा आहे. चिरा दे.

आवडी : अवो, एक थर म्हंजे जवळपास वीतभर. त्याच्यावर लादी, त्याच्यावर शेगडी. पातेलं ठेवलं की माझ्या हनवटीला लागंल. आत काय शिजतंय ते दिसायचं पन नाय.

मुरारी : दिसण्याची आवश्यकता काय? तुझ्या हाताला अंदाज आहे, असे तूच इतकी वर्षे सांगत आली आहेस.

सेजल : बाबा, काहीतरीच काय! ओटा आईंसाठी आहे ना? सुनील मला तसंच बोलला होता. गुडघ्यांमुळे खाली बसता येत नाही, म्हणून.

आवडी : डॉक्टरनी तसंच सांगितलं गो. आता जमिनीवर बसून रांधायचं नाय. तवा मी यांच्याकडं ओटा मागितला. हे हो म्हनले.

मुरारी : ओटा बांधीन, असे म्हणालो. बांधतो आहे.

आवडी : मी पंधरा दिस वाळू चाळली. घमेली वाहिली अंगणातून हितवर. पाय सुजले तरी वाहिली.

मुरारी : वाहिलीस, मी ते नाकारत नाही. कोणासाठी वाहते आहे, हे तू विचारले नाहीस आणि मी सांगितले नाही. या घरात असत्य कोणीच बोललेले नाही.

आवडी : भरतला घालवलात तो याच्यापायी काय?

सेजल : भरत कोण?

आवडी : गवंडी. माझ्या मामाचा पोरगा, कापडे गावचा. पहिल्या दिशी आला, मला हितं भिंतीला उभी केलान, कोपर मोजलान, कोळशानं रेघ मारलान. म्हनला, आक्का, ज्या बाईनं रांधायचं तिचंच कोपर मोजायचं असतं. यांनी दुपारच्याला त्याला चहा पाजला नि लावून दिला.

मुरारी : त्याचा ओळंबा सदोष होता.

आवडी : आनि तुमचा? ही डावीकडची भिंत दोनदा पडली ती कुनाच्या ओळंब्यानं? आळीतल्या बाया विचारतात, गुरुजींचा ओटा आज उभा हाय का झोपलाय.

सेजल : (हसू आवरत) आई...

आवडी : हसू नको गो, मी रडत नाय म्हनून तुला हसायला येतंय.

मुरारी : दोनदा पडली, तिसऱ्यांदा उभी राहिली. ज्याला शिकायचे त्याला भिंत पडू द्यावी लागते. आता माझे ऐक. यज्ञवेदी रचताना माप यजमानाच्या शरीरावरून घेतात. विटा रचणाऱ्याच्या नव्हे आणि त्या वाहून आणणाऱ्याच्या तर नव्हेच. ज्याच्यासाठी ते कर्म आहे, त्याचे शरीर हेच प्रमाण.

आवडी : मग हितं रोज कोन रांधतं? मीच ना?

मुरारी : आज तू. ओटा आजच्यापुरता बांधीत नाहीत. हे चिरे पन्नास वर्षे हलणार नाहीत. तुझे वय किती?

आवडी : ...सदुसष्ट.

मुरारी : तर मग हिशेब तूच कर.

सेजल : बाबा, असं बोलतात का कोणी? समोर उभ्या आहेत त्या!

मुरारी : समोर आहे म्हणूनच बोललो. पाठीमागे बोलणे मला वर्ज्य आहे. सूनबाई, हा ओटा तुझा. सुनीलची बदली महाडच्या औद्योगिक वसाहतीत होऊ शकते. मी दोघातिघांच्या कानावर घातले आहे. उद्या तुम्ही इथे राहायला आलात, की तुला वाकावे लागणार नाही.

सेजल : आम्ही येणार नाही.

मुरारी : काय म्हणालीस?

सेजल : सुनील सांगणार होता, त्याची हिंमत होत नव्हती. आम्ही बदलापूरला फ्लॅट घेतला. ॲग्रीमेंट झालं मागच्या महिन्यात. आम्ही इथे राहायला कधीच येणार नाही, बाबा. गणपतीला आणि शिमग्याला येऊ, चार दिवस. तेव्हा मी वाकून करीन पोळ्या. चार दिवसांनी माझी कंबर मोडत नाही. प्लीज, तो थर नका चढवू.

आवडी : मागच्या म्हयन्यात?

सेजल : सॉरी आई.

आवडी : मला फोनवर म्हनला, आये, पावसाळा संपला की बगू.

मुरारी : आवडी, तुझे नंतर. माल सुकतो आहे.

सेजल : म्हणजे अजून चढवताय? कोणासाठी? आता तर कोणीच नाही!

मुरारी : आहे. आमच्यामागे सुनील हे घर ठेवणार नाही, हे तू आत्ताच सांगितलेस. म्हणजे ते कोणीतरी विकत घेईल. घेणाऱ्याच्या घरातली स्त्री सामान्य उंचीची असेल. घर पाहायला आल्यावर तिने या ओट्याशी उभे राहावे आणि तिला वाटावे, हे कोणा जाणत्याने केले आहे. चार फूट सात इंचांच्या बाईच्या मापाचा ओटा पाहून माणसे हसतात.

आवडी : हसतात?

मुरारी : तुझ्याशी लग्न ठरले तेव्हाही हसली होती. मी मनावर घेतले नाही. पण विसरलोही नाही.

सेजल : मी सुनीलला फोन लावते.

मुरारी : अवश्य लाव.

सेजल : उचलत नाहीये... थांबा, मेसेज आला.

आवडी : काय म्हनतो?

सेजल : काही नाही आई. मीटिंगमध्ये आहे.

मुरारी : वाच, सूनबाई. आईला मुलाचे शब्द ऐकू देत.

सेजल : ...‘बाबांच्या मध्ये पडू नको. आई ॲडजस्ट करते.’

आवडी : बरोबर हाय त्याचं. करते मी.

सेजल : आई, तुम्ही तरी बोला ना काहीतरी!

आवडी : तू बोललीस की. घर नको तेवडंच बोललीस, पन बोललीस. चिरा घ्या. घ्या ना, धरलाय कवाधरनं.

मुरारी : ठेव. हळू. थापी दे. ...झाला थर. आता लादीखालच्या साच्याला एक फळी कमी पडते. तो बाक इकडे ओढ.

आवडी : कंचा बाक?

मुरारी : घरात एकच बाक आहे.

आवडी : त्याच्यावर माझी शेगडी हाय, अवो! तुमच्या शाळेनं मोडीत काडलेला तो. पंधरा दिस मी त्याच्यावरच रांधतेय. माझ्या कमरेला अगदी बरोबर येतो. काल मी तुमाला म्हनलं पन, ओटा नाय झाला तरी चालंल, हा बाक रावू द्या.

मुरारी : ऐकले मी. म्हणूनच तो काढायचा. ती सोय राहिली, तर तुला ओट्याचा अभ्यास होणार नाही. पायाखाली पाट घेशील, चार दिवस चाचपडशील, मग जमेल.

सेजल : पाटावर उभं राहून, उकळतं तेल समोर घेऊन? पडल्या तर?

मुरारी : भिंतही दोनदा पडली होती. शेगडी खाली उतरव.

सेजल : मी उतरवते. आई, तुम्ही सरका. वाकू नका.

मुरारी : पाना कुठे आहे? हा. चार बोल्ट आहेत, फळी सागवानी आहे. जुन्या लोकांचे काम. ...निघाली. आवडी, हे टोक धर. वर. आणखी वर. हात पोचत नाही का?

आवडी : पोचतोय.

मुरारी : टाचा उचलू नकोस, फळी हलते.

आवडी : टाचा नाय उचलल्या तर हात पोचत नाय.

मुरारी : मग तशीच उभी राहा, मी खिळा मारेपर्यंत श्वास रोखून धर. ...पुरे. सोड. सूनबाई, पाणसळीत पाहा, बुडबुडा कुठे आहे?

सेजल : मधोमध.

मुरारी : केसाइतकाही फरक नाही?

सेजल : नाही, बाबा. एकदम लेव्हलमध्ये आहे. मी माझी बॅग भरते. चारची नको, दोनची गाडी पकडते.

मुरारी : जशी तुझी इच्छा. पाहिलेस, आवडी? गवंड्यावाचून अडले नाही. आता घसा कोरडा पडला. चहा ठेव.

आवडी : कुटं ठेवू?