मशीन उभी काहून होती

साहेब, तुम्ही खुर्चीत बसून एका मशीनला कामचोर ठरवलंत. आसेगावच्या बस स्टँडवर मी काय ऐकलं, ते आता वाचा. एक होता लाकूडतोडीची मशीन चालवणारा युनूस. दुसरी रंगूबाई. तिचा नवरा जगदेव युनूसच्याच जंगलात आरीनं झाडं कापतो.

“युनूसभाऊ, तुमची मशीन झाड कापते तरी कशी?”

“उभं झाड असलं का पंजानं धरते, बुडातून कापते, आडवं करून फांद्या सोलते. मंग दुसरं. थांबतच नाई, भाभी.”

“मंग वादळानं तं झाडं आयतीच पाडून देली. काम सोपं झालं!”

“उलटं झालं. पडलेल्या झाडाचं बूड मुळा-मातीसकट भिंतीवानी उभं राह्यते. खोड कापलं का ते धाडकन मांगं खड्ड्यात बसते.”

“अव माय! अन् मांगं मानूस असला तं?”

“म्हणून तं मशीन बूड धरून राह्यते, अन् जगदेवभाऊ खोड कापते.”

“म्हंजे तेवढा वेळ मशीन नुसती उभी?”

“सायेबबी हेच म्हणे. उभ्या मशीनमंदी डिझेल कायले जाळून राह्यला? उद्यापासून मले उभ्या झाडाईच्या जंगलात धाडलं, मशीन घेऊन.”

“अन् आमचे हे?”

“ते पडलेल्या झाडाईवरच.”

“बिनामशीनचे?”

बस आली. रंगूबाई चढली नाही.

साहेब, उद्या जगदेव खोड कापेल तेव्हा ते बूड कोण धरणार? त्याचं नाव सांगा.