वरचा पंप

कुंदा सिस्टर : …एवढंच म्हणायचं गं, स्वप्नाली. "माझं लक्ष नव्हतं." विषय संपला.

आजी : कोणाचा संपला? माझ्या नातीचा का तुमच्या हॉस्पिटलचा?

कुंदा सिस्टर : आजी, तुम्ही आत बसा ना. कोविड वॉर्डातनं सरळ आलेय मी.

आजी : माझ्याच ओटीवर बसून मलाच आत घालवते, बघ! मास्क लावलाय मी. बोल तू.

कुंदा सिस्टर : दुपारी मीटिंगला पेशंटचा मुलगा येणार, कैलास. त्याचे वडील अजून शुद्धीवर नाहीत. त्याला काहीतरी सांगायला लागणार.

स्वप्नाली : मग खरं सांगू. नरेंद्रकाकांचं बीपी पडत होतं. बीपीचं औषध वाढवायला गेले आणि झोपेचं वाढवलं. त्यानं आणखी पडलं, म्हणून मी आणखी वाढवलं. माझ्या हातानं झालं. नाही म्हणतच नाहीये मी.

कुंदा सिस्टर : मग मी काय वेगळं म्हणते?

स्वप्नाली : लक्ष नव्हतं म्हणता. सगळं लक्ष तिथंच होतं! आपल्याकडे खाटेला औषधाचे दोन पंप, वरचा बीपीचा, खालचा झोपेचा. तुम्हीच शिकवलंत. गॉगलवर वाफ धरली तरी हात चुकायला नको म्हणून. त्या दिवशी मधे जास्तीची खाट घुसवली, काकांची भिंतीला सरकवली, नि पंप उलटे लागले. मला कोणी सांगितलं?

कुंदा सिस्टर : पंपावर नावाची पट्टी असते. वाचायची.

स्वप्नाली : वाचायचीच होती. नाही वाचली. पण आठ खाटांना मी एकटी होते, हे पण सांगणार. माझी ड्युटी संपलेली. बदलीची सिस्टर आलीच नाही, तुम्ही म्हणालात, "थांब गं राणी."

कुंदा सिस्टर : मग काय करू? निम्म्या पोरी पॉझिटिव्ह! वरनं मालक म्हणतो, अजून खाटा टाका. ऐक माझं. हे सगळं काढलंस ना, तर नर्सिंग कौन्सिलला तक्रार जाईल. रजिस्ट्रेशन जाईल तुझं. गप माफी माग, मी सांभाळून घेते.

आजी : वा गो बाई! परवा सगळे गच्चीवर चढून थाळ्या बडवत होते, सिस्टर म्हणजे देवी. आज देवीचा बकरा केलात!

स्वप्नाली : आजी, तू मधे नको ना.

आजी : मी कशाला मधे? मी आपली आमच्या सरदाराची गोष्ट सांगते. सरदार म्हणजे आमचा बैल. एका साली आमच्या खरवई गावात बैलांना रोग आला, उरला हा एकटा. भाताच्या चिखलणीला तिन्ही घरांनी त्यालाच जुंपला. आमच्याकडनं सुटला की नाथाकडं, तिथनं पाटलाकडं. शेवटी बैल काय शिकला? चालता चालता झोपायला! घोरायचा पण. कासरा धरणाऱ्याला वाटायचं, आभाळ गडगडतंय.

स्वप्नाली : आजी, काहीही!

आजी : एक दिवस झोपेतच बांध ओलांडला, नि गेला उल्हास नदीत. आख्खी नदी नांगरली त्यानं. मासे उभ्या रेषेत लागले! खोटं वाटलं तर जा, नदीला विचार. येताना पाटलाची वांगी तुडवली. झालं, पंच बसले. जुंपणाऱ्याला कोण बोलेल? बैलालाच उभा केला चावडीवर. म्हणे, बोल, "माझं लक्ष नव्हतं."

स्वप्नाली : मग? बोलला?

आजी : बोलतो कसला! उभ्या उभ्या पुन्हा झोपला. काय हो कुंदाबाई, पटतंय का? …अहो बाई?

(कुंदा सिस्टरांची मान छातीवर पडली आहे.)

आजी : अगो, हिला काय झालं?

स्वप्नाली : शू. काही नाही. झोपल्या.

आजी : बसल्या बसल्या? माझी गोष्ट चालू असताना?

स्वप्नाली : चार दिवस घरी गेल्या नाहीत त्या.

कुंदा सिस्टर : …वरचा… वरचा बीपीचा… हात लावू नको गं…

आजी : काय पुटपुटते?

स्वप्नाली : ड्युटीवरच आहेत अजून.

आजी : मेला तो मालक! हिलाच पाठवलंन् वर तुला दटावायला. उठव तिला. विचार, आता हिचं लक्ष कुठं होतं म्हणून.

स्वप्नाली : नको आजी. उशी आण आतनं. थोडं झोपू दे. मग मीटिंगला कैलाससमोर मी नि सिस्टर दोघी जाऊ.